कॅसिनोच्या दारात दहा बोटांचे ठसे

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कॅसिनोचा परवाना मागणाऱ्याला स्वतःच्या चौकशीचा खर्च स्वतःच भरावा लागतो. तपास अधिकाऱ्यांनी घालवलेले तास, त्यांचे विमानभाडे, परगावचा मुक्काम, सगळे बिल अर्जदाराच्या नावावर फाडले जाते. चौकशीअंती परवाना नाकारला गेला तरी त्यातला पैसा परत मिळत नाही. कायद्याची भाषाही स्पष्ट आहे: जुगाराचा परवाना हा कोणाचा हक्क नव्हे, ती राज्याने दिलेली सवलत आहे, आणि आपण तिला लायक आहोत हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. इथे तो लायक ठरेपर्यंत नालायकच असतो.

या चौकशीत बँकेची खाती, कराची विवरणपत्रे, जुने भागीदार, घटस्फोट, कोर्टकज्जे असे सगळेच उकरले जाते. पण सुरुवात होते बोटांपासून. ‘एफडी-२५८’ या नावाचे एक चौकोनी कार्ड अमेरिकेत वर्षानुवर्षे वापरात आहे. लांबी-रुंदी आठ-आठ इंच, रेघा निळ्या. अटक झालेल्यांच्या कार्डावरच्या रेघा लाल असतात, म्हणजे टेबलावर नुसती नजर टाकली तरी अर्जदार कोण आणि आरोपी कोण ते कळावे. वरच्या भागात नाव, वापरलेली इतर नावे, जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग. खाली पाच-पाच चौकटींच्या दोन ओळी. त्यांत प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवून उमटवायचे. त्याखाली चार बोटे एकत्र टेकवून घेतलेले दोन्ही हातांचे ठसे आणि मध्ये दोन अंगठे. असे एकूण १४ ठसे. आता शाईऐवजी काचेवर हात ठेवून यंत्राने ठसे घेतात, पण चौकटी त्याच राहिल्या आहेत.

यातली एक चौकट लहानशी आणि दुर्लक्षित आहे: ‘ठसे घेण्याचे कारण’. तिथे कोणत्या कायद्याखाली ही माहिती मागितली जात आहे ते लिहावे लागते. त्या चौकटीत योग्य कायद्याचा आधार नसेल, तर एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेकडून उत्तर येत नाही. पोलिसांकडची माहिती पोलिसांबाहेरच्या कोणाला द्यायची आणि कशासाठी, या प्रश्नावर अमेरिकेत न्यायालय आणि संसद एकमेकांसमोर आली होती. त्या भांडणात नेवाडाच्या जुगाराचा मोठा वाटा होता.

नेवाडाने जुगार सरसकट कायदेशीर केला तो १९३१ साली, महामंदीच्या ऐन तडाख्यात. वाळवंटी राज्य, खाणी बंद पडत चाललेल्या, लोकसंख्या नगण्य. महसुलासाठी हा मार्ग निवडला गेला. परवाने सुरुवातीला शेरीफ आणि काउंटीची मंडळी देत आणि कोणाची फारशी विचारपूस होत नसे. इतर राज्यांत जुगार बेकायदा असल्यामुळे त्या धंद्याचा अनुभव फक्त बेकायदा धंदा केलेल्यांनाच होता, ही खरी अडचण होती. फासे आणि रूलेटचे टेबल सचोटीने चालवणारा माणूस शोधायचा, पण त्याने ते काम कुठेतरी पूर्वी केलेले असावे, अशी अट घातली की शिकागो, क्लीव्हलँड, न्यूयॉर्कच्या टोळ्यांखेरीज हाती कोण लागणार? २६ डिसेंबर १९४६ ला लास व्हेगासचे फ्लेमिंगो हॉटेल उघडले ते टोळीवाला बग्सी सीगल याच्या देखरेखीखाली. सहा महिन्यांत, २० जून १९४७ ला, बेव्हर्ली हिल्समध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

टेनेसीचे सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांची संघटित गुन्हेगारीविरोधी समिती १५ नोव्हेंबर १९५० ला लास व्हेगासला येऊन गेली आणि राज्याला घाम फुटला. केंद्र सरकार जुगारावर जबर कर बसवून सगळा खेळच बंद पाडील, ही भीती खरी होती. मग नेवाडाने घर आवरायला घेतले. १९५५ मध्ये गेमिंग कंट्रोल बोर्ड आले, १९५९ मध्ये गव्हर्नर ग्रँट सॉयर यांच्या काळात त्यावर गेमिंग कमिशन बसले. तीन सदस्यांच्या बोर्डाने तपास करून शिफारस करायची आणि पाच सदस्यांच्या आयोगाने निर्णय द्यायचा, ही दुमजली रचना आजही कायम आहे.

तपास करायचा म्हणजे पूर्वेतिहास हवा, आणि देशभराचा पूर्वेतिहास एकाच ठिकाणी होता. एफबीआयने १९२४ मध्ये ओळख विभाग सुरू केला तेव्हा त्याच्याकडे आठ लाखांवर कार्डे आली होती; १९७१ पर्यंत त्यांची संख्या सुमारे २० कोटींवर गेली. (ही कार्डे लावण्याची वर्गीकरणाची पद्धत आपल्याकडची. एडवर्ड हेन्रींच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बंगालमध्ये तिचे गणित बसवले, १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला, आणि नाव मात्र साहेबाचेच राहिले.) या २० कोटींत सगळेच गुन्हेगार नव्हते. सैनिक, सरकारी नोकर, युद्धकाळात कारखान्यांत काम केलेले कामगार यांचीही कार्डे होती. कोणत्याही गावचा पोलीस, परवाना अधिकारी किंवा बँक ठसे पाठवी आणि नोंद परत येई. वर्षानुवर्षे हे चालले ते रिवाजाने. स्पष्ट कायदेशीर आधार कोणी मागितला नव्हता.

मात्र एफबीआयकडची सगळीच माहिती अशी सहज मिळत नसे. १९६०च्या सुमारास एफबीआयने लास व्हेगासच्या कॅसिनोंमध्ये चोरून संभाषणे ऐकली. त्यासाठी ‘हेंडरसन नॉव्हेल्टी कंपनी’ या बनावट नावाने टेलिफोनच्या तारा भाड्याने घेतल्या. नफा मोजण्यापूर्वीच पैशांच्या थप्प्या टोळ्यांकडे कशा जातात ते त्यांना ऐकू येत होते, आणि राज्याच्या नियामकाला त्यातले काही कळत नव्हते. प्रकरण फुटले तेव्हा गव्हर्नर सॉयर एफबीआयवर उघडपणे बरसले. त्यांची तक्रार रास्त होती. एकीकडे चोरून ऐकायचे, ते न्यायालयात चालणार नाही म्हणून दडवायचे, आणि दुसरीकडे नेवाडा टोळ्यांना पोसते म्हणून नाके मुरडायची. पण संचालक हूव्हर यांच्या एफबीआयचा राज्याच्या राजकारण्यांवर भरवसा नव्हता आणि त्या अविश्वासालाही काही आधार होताच.

म्हणजे नियामकाच्या हाती येई ते फक्त कार्ड: अटकेची तारीख, ठिकाण, कलम.

या कार्डाच्या जोरावर नेवाडाने १९६० मध्ये एक यादी काढली. ११ नावे, कोणत्याही कॅसिनोत पाऊल ठेवण्यास बंदी. मुखपृष्ठामुळे तिचे नाव ‘ब्लॅक बुक’ पडले. त्यात शिकागोचा सॅम जियांकाना होता. १९६३ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर, लेक टाहोकाठच्या कॅल-नेवा लॉजमध्ये राहून गेला. लॉजचा परवानाधारक होता गायक फ्रँक सिनात्रा. बोर्डाचे अध्यक्ष एडवर्ड ओल्सेन यांनी जाब विचारल्यावर सिनात्राने फोनवर शिव्यांची लाखोली वाहिली. पुढच्या सुनावणीला तोंड देण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये त्याने परवाना सोडून दिला. तो परत मिळवायला त्याला १९८१ उजाडले. त्या अर्जात त्याने चारित्र्याची हमी देणाऱ्यांत रोनाल्ड रेगन यांचे नाव टाकले होते.

नियामकाने पोलिसांची माहिती वापरून टोळ्यांना बाहेर ठेवले, तर तक्रार कोण करील? तक्रार आली ती भलतीकडून.

१० ऑगस्ट १९६५. लॉस एंजेलिसमध्ये १९ वर्षांचा एक विद्यार्थी रात्री एका बागेजवळ मित्राची वाट पाहत होता. जवळच्या वृद्धनिवासाच्या खिडकीत कोणी डोकावत असल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. पोलीस आले, त्यांना हा मुलगा दिसला, आणि जवळच जमिनीवर १० डॉलर असलेले एक पाकीट सापडले. घरफोडीच्या संशयावरून मुलाला अटक झाली. दोन दिवस कोठडी, मग सुटका. आरोप ठेवलाच गेला नाही, खटला चाललाच नाही. पण अटकेच्या वेळी घेतलेले ठसे रिवाजाप्रमाणे वॉशिंग्टनला गेले होते. एफबीआयच्या दप्तरात कॅलिफोर्निया दंडसंहितेचे कलम ४५९, घरफोडी, अशी नोंद पडली, आणि तिच्या पुढे शेरा: सोडून दिले, सध्या कोणत्याही गुन्ह्याशी संबंध जोडता आला नाही.

त्या ‘सध्या’मध्ये किती संशय शिल्लक ठेवला आहे पाहा. मुलाच्या आईने नोंद काढून टाकण्यासाठी पत्रव्यवहार सुरू केला. एफबीआयचे उत्तर असे की आम्ही फक्त साठवतो. ज्या पोलिसांनी पाठवली त्यांनी मागे घ्यायला सांगितले तरच काढू. सरकारी कचेरीची ही चाल आपल्याला परकी नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘मेनार्ड विरुद्ध मिचेल’ या नावाने कायद्याच्या पुस्तकात बसले. यातला मेनार्ड म्हणजे हा मुलगा, आणि मिचेल म्हणजे तेव्हाचे ॲटर्नी जनरल जॉन मिचेल. हे गृहस्थ पुढे वॉटरगेट प्रकरणात स्वतःच तुरुंगात गेले.

जून १९७१ मध्ये न्यायाधीश गेरहार्ड गेझेल यांनी निकाल दिला. एफबीआयने अटकेच्या नोंदी ठेवाव्यात, पोलिसांना द्याव्यात. पण केंद्र सरकारबाहेरच्या कोणाला नोकरी किंवा परवान्यासाठी त्या देण्याचा अधिकार संसदेने एफबीआयला दिलेलाच नाही, तेव्हा हे वाटप बंद करा. ज्या अटकेतून काही निष्पन्न झाले नाही ती माणसाच्या पोटावर उठू नये, आणि एवढी मोठी यंत्रणा कायद्याविना निव्वळ सवयीवर चालू नये, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या होत्या. त्या मुलाची नोंद मात्र त्यांनी काढायला लावली नाही. ते काम १९७४ मध्ये वरच्या न्यायालयाने केले: नोंद गुन्हेगारी दप्तरातून हलवावी लागली. दोन दिवसांच्या कोठडीचा डाग पुसायला नऊ वर्षे लागली.

गेझेल यांच्या निकालाने एका फटक्यात देशभरच्या बँका, परवाना कचेऱ्या आणि नेवाडाचे बोर्ड यांचा पुरवठा तुटला. कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यापासून मालकापर्यंत कोणाचाही देशभराचा पूर्वेतिहास मागवता येईना. नेवाडाचे सिनेटर ॲलन बायबल यांनी मग संसदेतली जुनी युक्ती वापरली. स्वतंत्र विधेयक आणले तर चर्चा होते, समित्या बसतात. खर्चाच्या मंजुरीचे विधेयक मात्र कोणाला अडवता येत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी पुरवणी खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडून दिले आणि एफबीआयला नोंदी देण्याची परवानगी पुन्हा मिळाली. ऑक्टोबर १९७२ मध्ये हीच तरतूद सार्वजनिक कायदा ९२-५४४ मध्ये आली. आज अमेरिकेत शिक्षक, परिचारिका, वकील अशा कितीतरी परवान्यांसाठी ठसे तपासले जातात ते मुख्यतः याच कायद्याच्या आधाराने. तो ज्या घाईतून जन्मला, तिच्यात जुगाराच्या धंद्याची काळजी होती, हे त्या शिक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

कायदा दोनचार ओळींचा, पण त्यावर बसवलेल्या अटी महत्त्वाच्या आहेत. राज्याने आधी स्वतःचा कायदा करावा लागतो. त्यात कोणत्या प्रकारच्या अर्जदारांचे ठसे घ्यायचे ते नेमके लिहावे लागते, एफबीआयच्या नोंदी वापरण्याची स्पष्ट परवानगी असावी लागते, आणि केंद्रीय न्याय खात्याची मंजुरी लागते. माहिती सरकारी अधिकाऱ्यालाच मिळते. याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्या कॅसिनोत माणूस नोकरी करणार आहे त्या कंपनीला हे नोंदीचे पान कधीच दिसत नाही. नियामक वाचतो आणि कंपनीला फक्त होय किंवा नाही कळवतो. पान कुलपात ठेवावे लागते, कोणी कधी पाहिले याची नोंद ठेवावी लागते, पुढे कोणाला दिले तर तो नियमभंग, आणि एफबीआयचे लेखापरीक्षक ठराविक काळाने येऊन हे सगळे तपासतात.

याहून मोलाचा नियम अर्जदाराच्या बाजूचा आहे. नोंदीच्या आधारे परवाना नाकारण्यापूर्वी अधिकाऱ्याने अर्जदाराला ती चुकीची किंवा अपुरी आहे असे म्हणण्याची संधी द्यायची, आणि दुरुस्तीसाठी वाजवी वेळ द्यायचा. १९७३ पासून तर कोणालाही स्वतःची नोंद एफबीआयकडून मागवता येते. मेनार्डच्या आईने पत्रव्यवहार सुरू केला तेव्हा ही सोय नव्हती.

या नियमाची गरज किती आहे हे पान उघडल्यावर कळते. त्यावर अटक असते, कलम असते, आणि ‘निकाल’ या रकान्यात पुष्कळदा काहीच नसते. अटक पोलीस कळवतात. निकाल कळवायचा न्यायालयाने किंवा सरकारी वकिलाने, आणि तो कळवण्याची घाई कोणालाच नसते. अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी जून २००६ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालातच कबुली आहे की एफबीआयच्या अटकेच्या नोंदींपैकी सुमारे निम्म्यांना अंतिम निकालाची जोड नाही. म्हणजे २० वर्षांपूर्वी मारामारीत पकडला गेलेला आणि दुसऱ्या दिवशी सुटलेला माणूस, आणि त्याच मारामारीसाठी शिक्षा भोगलेला माणूस, हे दोघे कार्डावर हुबेहूब सारखे दिसू शकतात. आळशी अधिकारी कार्ड पाहून फाइल बंद करतो. कामसू अधिकारी त्या काउंटीच्या न्यायालयाला पत्र लिहितो. कॅसिनो मालकाच्या बाबतीत नियामकाकडे वेळ असतो आणि अर्जदाराने भरलेला पैसाही असतो, म्हणून दुसरा प्रकार घडतो. पत्ते वाटायच्या नोकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या बाबतीत तसे घडेलच असे नाही. या व्यवस्थेतला खरा अन्याय इथे, खालच्या टोकाला आहे, आणि त्यावर सिनेमे निघत नाहीत.

सिनेमा निघाला तो फ्रँक रोझेन्थलवर. १९९५ च्या ‘कॅसिनो’ या चित्रपटात रॉबर्ट डी नीरोने रंगवलेले पात्र त्याच्यावर बेतलेले आहे. स्टारडस्ट कॅसिनोचा कारभार रोझेन्थलच्या हाती होता, पण त्याच्या कार्डावर नॉर्थ कॅरोलायनातले एक प्रकरण होते: कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूला लाच देण्याचा कट. तिथे त्याने आरोप मान्यही केला नव्हता आणि लढवलाही नव्हता. मोठ्या पदाला परवाना लागतो, आणि तो १९७६ मध्ये त्याला नाकारला गेला. मग कधी तो खानपान विभागाचा प्रमुख झाला, कधी करमणूक विभागाचा; टेलिव्हिजनवर स्वतःचा कार्यक्रमही त्याने केला. पदाचे नाव बदलले की परवाना चुकवता येतो का, हा त्याचा डाव होता. डिसेंबर १९७८ च्या सुनावणीत आयोगाचे अध्यक्ष हॅरी रीड यांच्याशी त्याची भर सभागृहात खडाजंगी झाली. हेच रीड पुढे अमेरिकी सिनेटमध्ये बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. १९८८ मध्ये रोझेन्थलचे नाव ब्लॅक बुकात गेले.

रोझेन्थलच्या बाबतीत जुनी नोंद खोटी नव्हती आणि नियामकाचा संशयही खोटा नव्हता. पण स्टारडस्टमधून पैसा कसा झिरपतो हे कार्डाने सांगितले नाही. ते सांगितले नाणी मोजायच्या खोलीत केलेल्या छेडछाडीने आणि नंतर कॅन्सस सिटीतल्या फोन टॅपिंगने. इथे नेवाडाच्या अधिकाऱ्यांची एक जुनी समज उपयोगी पडते: कार्डावर काय आहे यापेक्षा अर्जदाराने अर्जात काय लिहिले आणि ते कार्डाशी जुळते का, हे जास्त बोलके. तरुणपणीची एखादी अटक मान्य करणारा बहुधा निभावतो. ती लपवणारा अडकतो. नेवाडात न्यायालयाने सीलबंद केलेली जुनी नोंदसुद्धा, जुगाराशी संबंधित असल्यास, बोर्डाला उघडून पाहता येते. तेव्हा लपवून फायदा असा नसतोच.

आणि कार्ड कोरे असेल तर? हाँगकाँगच्या पॅन्सी हो यांच्यावर कोणता गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. एमजीएम कंपनीने मकावमध्ये त्यांच्याशी भागीदारी केली, नेवाडाने २००७ मध्ये तिला मान्यता दिली. न्यू जर्सीच्या तपास विभागाने मात्र २००९ च्या अहवालात त्यांना अयोग्य भागीदार ठरवले. कारण होते त्यांचे वडील स्टॅन्ली हो यांचे चिनी टोळ्यांशी संबंध असल्याचा आरोप, जो स्टॅन्ली हो यांनी नेहमीच नाकारला. भागीदार सोडण्याऐवजी एमजीएमने न्यू जर्सीतली अटलांटिक सिटी सोडली. तिला तिथे परतायला २०१४ उजाडले. एकच माणूस, तेच कोरे कार्ड, दोन राज्यांचे दोन निर्णय. ऑस्ट्रेलियाच्या क्राउन कंपनीचे उदाहरणही असेच. न्यू साउथ वेल्समधल्या चौकशीने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला सिडनीतला कॅसिनो चालवण्यास अयोग्य म्हटले. त्या चौकशीची ठिणगी पोलिसांच्या दप्तरातून पडली नव्हती. ती पडली २०१९ मधल्या पत्रकारांच्या बातम्यांमुळे.

अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या कॅसिनोंचा पेच आणखी वेगळा. कॅबाझॉन जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिलेल्या निकालानंतर संसदेने १९८८ चा इंडियन गेमिंग कायदा केला आणि प्रमुख कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे काम जमातींवर टाकले. पण ९२-५४४ मध्ये नावे होती राज्यांची आणि स्थानिक सरकारांची. जमाती त्यात बसत नव्हत्या. यावर मधला मार्ग निघाला. जमात ठसे पाठवते राष्ट्रीय इंडियन गेमिंग आयोगाकडे, आयोग एफबीआयकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. ते जमातीच्या नियामक मंडळाने वाचायचे, कॅसिनोच्या व्यवस्थापनाने नाही. काही हजारांच्या वस्तीत नियामक, व्यवस्थापक आणि अर्जदार एकमेकांचे चुलत-मावसभाऊ निघू शकतात, हे लक्षात घेतले की या भिंतीचे महत्त्व कळते.

गेल्या दशकात एक नवी गोष्ट आली. पूर्वी नोंद एकदा तपासली की संपले. आता एफबीआयच्या नव्या प्रणालीत ‘रॅप बॅक’ ही सोय आहे. परवानाधारकाचे ठसे साठवून ठेवतात आणि पुढे कधी त्याला कुठे अटक झाली तर नियामकाला आपोआप कळवले जाते. नियामकासाठी हे वरदान. पण कळते ती अटक, निकाल नव्हे. १९६५ च्या रात्री घडले तेच आता जास्त वेगाने घडू शकते.

आपल्याकडे हे सगळे ‘चारित्र्य पडताळणी’ या नावाने ओळखीचे आहे. पासपोर्ट, नोकरी, शस्त्रपरवाना, प्रत्येकासाठी ती लागते. कॅसिनोच्या बाबतीत महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट मोकळी झाली. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते. त्यांच्यावर देखरेख करायला गेमिंग कमिशनरची तरतूद २०१२ मध्ये आली. पदभार २०२० मध्ये व्यापारी कर आयुक्तांकडे सोपवला गेला. करवसुली करणारा आणि मालकाची लायकी जोखणारा एकच अधिकारी असावा, ही रचना नेवाडाने १९५९ मध्येच मोडीत काढली होती, कारण महसूल हवा असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. गोव्याने त्या अनुभवाकडे पाहायला हरकत नाही.

अटक आणि दोष यांतला फरक, तसेच लपवणे आणि सांगणे यांतला फरक, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तपासला आहे. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या २०१६ च्या निकालात पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती दडवणाऱ्या उमेदवारांचा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटले की दडवणे गंभीर आहे, पण प्रकरण क्षुल्लक असेल तर मालकाला सारासार विचार करून ते माफ करता येईल. डोळे मिटून नोकरी नाकारू नये. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे आणि इतर मापे ७५ वर्षे जपण्याची सोय केली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची, असेही त्यात आहे, दंडाधिकाऱ्याने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तर. नष्ट झाली की नाही हे त्या माणसाला कोण सांगणार, यावर मात्र आणखी काम व्हायला हवे.

अमेरिकेत काही वर्षे राहून आलेली अनेक मराठी कुटुंबे पुढे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जाताना एफबीआयकडून स्वतःच्या नोंदीचा दाखला मागवतात. त्याची फी १८ डॉलर आहे, ठशांचे कार्ड इथून टपालाने पाठवता येते. दाखल्यात जुन्या अटकेपुढे निकाल लिहिलेला नसेल, तर तो जोडून घेण्याचा अर्ज जरूर करावा. त्या अर्जाला फी लागत नाही.